ब्वेनोस आयरेसला दादाला बघून आलो

हौस म्हणून सांगलीचा माणूस ब्वेनोस आयरेसला जात नाही. मीही गेलो नसतो. पण माझा थोरला भाऊ पांडूदादा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईला जाऊन बोटीवर कोळसा ओढायला लागला आणि तिकडेच गडप झाला. लढाई संपल्यावर एका खलाशाकरवी निरोप आला, की तो जिवंत आहे आणि अर्जेंटिनाच्या राजधानीत आहे. त्याच सुमारास मुंबईच्या एका व्यापाऱ्याला हळदीचे नमुने घेऊन तिकडे माणूस धाडायचा होता. आमच्या हळदपेठेत सगळ्यांनी पाय मागे घेतला. आई मला म्हणाली, "बापू, तू जा. नमुनं दाव न्हाईतर समिंदरात टाक, पर पांडूला घिऊन ये."

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर आधीच सांगतो, बोटीत खालच्या वर्गाची जागा घेऊ नका. डर्बनपर्यंत मी ओकत होतो आणि केपटाऊनच्या पुढे पोटात ओकायलाही काही उरलं नाही. सोबत लिंबाचं लोणचं आणि मेतकूट हवंच. भडंग नेऊ नका, दोन दिवसांत सादळतं. गरम कपडे मात्र भरपूर घ्या. आपल्याकडे श्रावण लागतो तेव्हा तिकडे हाडं गोठवणारी थंडी असते.

त्याच खलाशाकरवी आधी कळवलं होतं, म्हणून दादा धक्क्यावर उभा होता. ओव्हरकोट, डोक्यावर हॅट. त्यानं मिठी मारली ती एका हातानं, दुसरा खिशातच. मला वाटलं, साहेब झालाय. घरी गेल्यावर कळलं की त्यानं लग्नही केलंय. बायकोचं नाव रोसा, बाई हसतमुख. तिनं माझ्यापुढे भोपळ्याच्या वाटीत कसल्याशा कडू पाल्याचा काढा धरला. घरातले सगळे तो एकाच नळीनं ओढत होते. उष्टं म्हणून मी नको म्हटलं, तर बिचारीचा चेहरा उतरला. तुम्ही गेलात तर डोळे मिटून प्या.

दुसऱ्या दिवसापासून दादानं मला शहरभर पिदडलं. रस्ता एवढा रुंद, की ओलांडताना मधे थांबून दम खावा लागतो. त्या रस्त्याच्या मधोमध एक पांढरा उंच खांब आहे, तो मान दुखेपर्यंत बघायचा. जमिनीच्या पोटातून आगगाडी धावते, तिकीट स्वस्त आहे, आणि पायांना विसावा म्हणून मी तिच्यात उगाच दोन फेऱ्या जास्त मारल्या. सरकारचा वाडा चक्क गुलाबी. श्रीमंतांच्या मढ्यांसाठी संगमरवरी घरांची एक आळीच वसवली आहे. नदीला पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी पुरातल्या कृष्णेसारखं गढूळ.

खायचे हाल. आम्ही मटण खाणारी माणसं, पण तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर भाजतात ती गाय. मी पाव, उकडलेले बटाटे आणि कांदा घातलेली जाडजूड पोळी यांवर दिवस काढले. दादाला तर रोसा पावही मोडून द्यायची, मला वाटलं, लाड चाललेत. दूध आटवून केलेला एक गोड पदार्थ मिळतो, तो जरूर खा.

"दादा, घरला कवा यायचं?" मी दर मुक्कामाला विचारायचो.

"आधी ही बाग बघ की गड्या. लय झाडं हायत."

असं करता करता तिसऱ्या दिवशी माझ्या पायांचे तुकडे पडायला आले. एका कॉफीच्या दुकानात बसलो. आता दादाला निसटू द्यायचं नाही म्हणून मी टेबलावर रुमाल पसरला. आमच्या हळदपेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. वडलांनी आम्हा दोघांना ते शिकवलं होतं, आणि दादाच्या बोटांचं तर पेठेत नाव होतं.

"तोंडानं सांगू नगंस," मी म्हटलं. "किती महिन्यांत येतोस, बोटानं सांग."

तो हसला आणि त्यानं डावा हात पुढे केला.

"डाव्यानं सौदा करत्यात व्हय रं?" म्हणत मी चेष्टेत त्याचा उजवा हात खिशातून ओढला आणि रुमालाखाली धरला. अंगठा लागला. करंगळी लागली. मधे काहीच नव्हतं.

मी रुमाल उचलला नाही.

"मांसाच्या कारखान्यात गेली," तो म्हणाला. "करवतीखाली."

"मग? बोटं न्हाईत म्हणून आई घरात घेणार न्हाई व्हय?"

"बोटांचं काय न्हाई रं बापू. कुठं गेली म्हणून इचारलं तर काय सांगू? गाय कापताना?"

मला राग आला. एवढा समुद्र ओकत आलो तो हे ऐकायला? आणि तरी त्याचा हात सोडवत नव्हता. कॉफी गार झाली, ती तशीच टाकून आम्ही उठलो.

हळदीचे नमुने एका रंगवाल्यानं ठेवून घेतले, पुढे काही कळवलं नाही. निघताना धक्क्यावर दादा म्हणाला, "आईला कायबी सांग, फकस्त ह्ये नगं." मी ट्रंक उचलली आणि बोटीची शिडी चढलो.

पेठेत अजून लोक विचारतात, शहर कसं होतं? मोठं होतं, म्हणतो. खरं तर त्यातलं निम्मं मला आठवतही नाही. परतीच्या बोटीत मी सगळा वेळ आईला सांगायच्या थापा जुळवत होतो. मिरजेला गाडीतून उतरलो, टांग्यानं घरी आलो, अंग नुसतं आंबून गेलं होतं.

आई सोप्यात जोंधळे पाखडत होती. तिनं माझ्या मागे पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"आला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"हातीपायी धड हाय?"

जुळवलेल्यातली एकही थाप तोंडातून निघेना. मी तिला सगळं सांगितलं, बोटं आणि ती कुठे गेली तेही. रोसाबद्दलही सांगितलं. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. आता कपाळ बडवून घेईल म्हणून मी वाट बघत होतो.

"मग भाकरी कशी मोडतो रं?" तिनं विचारलं.

"बायको मोडून देती."

"रोज?"

"व्हय, रोज."

"मग असू दे तिथंच," आई म्हणाली, आणि पुन्हा जोंधळे पाखडायला लागली.