बोर्डाच्या कपाटाची चावी

मांद्र्यातल्या जुन्या गेस्टहाउसांच्या भिंतींत वायरी कुठून कुठे गेल्या आहेत, हे नकाशाशिवाय सांगू शकणारा एकच माणूस आहे, सगुण. वायरमन म्हणून त्याची उमर गेली. सत्यवतीच्या गेस्टहाउसमधला प्रत्येक दिवा त्याने लावला. तिथल्या मेन स्विचच्या लाकडी कपाटाची चावीही घर बांधल्यापासून त्याच्याच कमरेच्या करगोट्याला. पाहुणे हात घालतात, म्हणून कपाटाला कुलूप. फ्यूज उडाला की सत्यवती हाक मारी, आणि सगुण सावकाश, रस्त्यावरच्या दोघातिघांशी बोलत, चावी वाजवत येई.

गेल्या वर्षी मागच्या अंगणातल्या खोल्यांत नेट पोचेना. शेवटच्या खोलीत पुण्याची एक बाई मार्चपर्यंत राहायला आली होती. तिथूनच ती नोकरी करायची. मीटिंग मध्येच तुटायची. सत्यवतीने अनिलला बोलावले.

अनिल मूळचा चंदगडकडचा. गोव्यात आला तेव्हा सगुणच्या हाताखाली भिंतीत खाचा मारायचा. पुढे नेटची कामे शिकला. आता मोरजीपासून केरीपर्यंत लोक त्याला बोलावतात आणि 'अनिलबाब' म्हणतात. ही शेवटची गोष्ट सगुणला विशेष लागते. त्याला 'सगुणबाब' म्हणायला गावाने केस पिकेपर्यंत वेळ घेतला होता.

मागच्या खोल्यांच्या वळचणीला नेट पुढे फेकणारा डबा बसणार हे कळल्यावर सगुण न बोलावता आला. येताना सायकलला पाइप बांधून.

"थंय प्लग खंय आसा? पाइप घालून लायन ओढूक होई."

"नको काका," अनिल शिडीवरून म्हणाला. "नेटच्या वायरीतनंच करंट जातोय. पुढं कपाटात ही डबी बसवायची, ती दोन्ही एकत्र सोडती. तिकडं प्लग लागत न्हाई."

"नेटच्या वायरीतसून करंट! फाल्यां नळातसून चाय येतली."

"आली तर तुम्हाला पयला कप, काका."

सत्यवती हसली. सगुणने कपाट उघडून दिले, डबी बसेपर्यंत तिथेच उभा राहिला आणि कुलूप लावून चावी पुन्हा करगोट्याला अडकवली. पाइप सायकलला बांधून परत नेला. तो त्याच्या पडवीत बरेच दिवस उभा होता. बायको जानकी तो हलवू म्हणाली, तर तो तिच्यावर ओरडला.

डबा चालला. पुण्याच्या बाईने अनिलला मिठाईचा बॉक्स दिला. सगुणने एवढे दिवे लावले, त्याला पाहुण्याने कधी काही दिले नव्हते. तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलात तो हे वेगळ्या शब्दांत सांगे. "ह्या पोराक स्क्रू पिळूक हांवें शिकयलो." कोणी हो म्हणे, कोणी पाव बुडवून खात राही.

मग एका दुपारी माडाची झावळी पडली आणि अंगणावरून डब्याकडे गेलेली नेटची वायर तुटली. अनिल गावच्या यात्रेला गेलेला. सत्यवतीने सगुणला फोन केला. या खेपेस तो रस्त्यात कोणाशी बोलला नाही.

मेन बंद केला, वायर सोलली. आत आठ बारीक तारा. चार रंगीत, चार पांढऱ्या. रंगाला रंग जोडला, पांढऱ्याला पांढरी. पीळ घातला, वर काळी टेप. मेन चालू केल्यावर वळचणीच्या डब्यावरचा दिवा लागला.

"बघ वयनी. अनिल नाका नि कोण नाका."

"पण नेट येना, सगुणबाब."

"करंट पावलो, माझें काम जालें. नेट येना तर डबो फटकिरो, कामाचो न्हय. कोणी हाडलो तो विचार."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुण्याची बाई बॅग भरू लागली. शेजारी गोकुळदासकडे खोली मोकळी होती. सत्यवतीने सगुणला अंगणात उभे केले आणि अनिलला व्हिडिओ फोन लावला.

टेप सोडलेला जोड अनिलने फोनच्या जवळ धरायला लावला. "काका, पांढऱ्या तारा नीट बघा. हरएकीवर बारीक रंगाची रेघ हाय. जिची तिला लागाय पायजे. करंटच्या तारा बरोबर बसल्यात, म्हणून दिवा लागला. नेटच्या दोन उलट्या झाल्यात."

सगुणने खिशातून चष्मा काढला. रेघा होत्या. जन्मभर त्याच्या कामात अशी रेघ कधी आली नव्हती. अनिल सांगत गेला तसे त्याने जोड पुन्हा केले. नेट आले, आणि बाईची बॅग जागेवर राहिली.

"आलो की अख्खी नवी वायर घालतो," अनिल म्हणाला. "तोवर काकांच्या हातचा जोड चालंल."

हे वाक्य सगुणला शिवीसारखे लागले.

नवी वायर घालायला अनिल आला तेव्हा कपाट बंद होते. सगुण फोन उचलेना. तो तिठ्यावर चहा पीत होता. तिथून सत्यवतीच्या दारासमोर टेकून ठेवलेली शिडी स्पष्ट दिसत होती. शिडीखाली अनिल ताटकळत बसला आहे, हेही दिसत होते. सगुणने दुसरा चहा सांगितला.

शेवटी सत्यवती स्वतः चालत आली. सगळ्यांसमोर हात पुढे केला.

"चावी."

"सांजे येतंय मगो. हांव उघडतां."

"तू येव नाका. चावी दी, सगुणबाब."

त्याने करगोट्याची गाठ सोडायला बराच वेळ घेतला.

आता ती चावी सत्यवतीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरून दिसेल अशी, खिळ्याला असते. ज्याला काम असेल त्याने घ्यावी आणि परत लावावी. सगुणही दोनदा घेऊन गेला, परत लावून गेला. सकाळी पोदेराकडून पाव घ्यायला जाताना त्याची वाट त्या खिडकीवरून नाही. तरी तो तिथूनच जातो आणि खिळ्याकडे बघतो. चावी असली तर पुढे जातो. नसली तर सायकल उभी करतो आणि आत कोण आहे, याचा कानोसा घेतो.