मावशीकडची सुरमई

टीव्हीवर पिक्चर बघायचं मावशीनेच ठरवलं. मावशी म्हणजे आईची लहानपणापासूनची मैत्रीण. थळला आमच्याच आळीत राहते. तिचा नवरा जहाजावर असतो, महिनोन्‌महिने घरी नसतो. रविवारी दुपारी ती आली, आईला चिकटून सोफ्यावर बसली आणि आईच्या मांडीवर हात ठेवला. तो हात मला बघवत नव्हता.

कारण बुधवारी मी तो हात दुसरीकडे बघितला होता.

श्रावणात आमच्याकडे मासे शिजत नाहीत. बाबांचा बर्फाचा टेम्पो दिवसभर मासळीच्याच धंद्यात फिरतो, पण महिनाभर ते मासा तोंडाला लावत नाहीत. त्यांना वास नको म्हणून आई सुकटीचा डबासुद्धा मागच्या पडवीत ठेवते. बुधवारी तिने अळूवड्या केल्या आणि म्हणाली, "मावशीला नेऊन दे गो, एकटीच हाय ती." बाबा आगरदांड्याला बर्फ घेऊन गेले होते. निदान तसं सांगून गेले होते.

मावशीचं मागचं दार उघडंच असतं. स्वयंपाकघरात बाबा जेवत बसले होते. केस ओले, अंगात बनियन, खाली मावशीच्या नवऱ्याची हाफ पँट. मावशी सुरमईचा काटा बोटांनी काढत होती आणि तुकडा त्यांच्या तोंडात घालत होती. बाबांनी तिचं बोट चोखलं. मला कुणी पाहिलं नाही. मी डबा घेऊन तशीच परत आले आणि आईला म्हणाले, मावशी घरी नाही. त्या अळूवड्या बाबांनीच खाल्ल्या, वर बोटं चाटली. तेव्हापासून त्यांचं उष्टं ताट उचलताना मला ओकारी येते.

पिक्चर नेमका तसाच निघाला. दोन मैत्रिणी, एकीचा नवरा दुसरीकडे जातो. मुलीला कळतं, ती गप्प राहते. मला वाटलं, मावशी आता काहीतरी निमित्त काढून उठेल. ती चिवडा खात होती. "बिचारी," म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. डोळ्यांत खरंच पाणी होतं, याचीच मला जास्त किळस आली.

"असल्याला जेट्टीवर उभा करून चपलेनं हाणला पायजे," बाबा म्हणाले.

"तुमी काय हाणताय भावजी! तुमी श्रावणात कोंबडीला पन हाकलत न्हाय," मावशी हसत म्हणाली.

आईसुद्धा हसली. मग बाबा माझ्याकडे वळले. "मॅडमनी तोंड का वाकडं केलंय? इंग्लिश शाळेला मराठी पिक्चर पचत न्हाय वाटतं."

मी बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आई मात्र पिक्चरमधल्या मुलीवर चिडली होती. "आईला सगळ्यांनी येडी बनवली, ते ठीक. पन पोरीनं पन? माझ्या पोरीनं असं केलं तर मी तिचं तोंड न्हाय बघनार."

ती चहा ठेवायला उठली. मी मागोमाग गेले.

"आई, बुधवारी मावशी घरीच होती. बाबा तिथे जेवत होते. सुरमई."

आईचा हात साखरेच्या बरणीत थांबला. "श्रावणात?"

तिचा चेहरा उतरला. "आणि हिनं रांधून घातलं? हिला म्हाईत न्हाय काय, त्यांचा श्रावण असतो? देवाला आता काय सांगू मी?"

बाहेरून मावशीने हाक मारली, "काय गो, चहाला किती वेळ? आलं जास्त घाल."

आईने सवयीने आलं किसायला घेतलं. इथेच थांबता आलं असतं. माशांवरून थोडं भांडण, बाबांनी कान पकडले असते, मावशीने जीभ चावली असती आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसली असती. मी गॅस बंद केला.

"मासे राहू देत, आई," मी म्हणाले आणि उरलेलं सांगितलं.

खरं का, असं आईने एकदाही विचारलं नाही. हात धुतले, पुसले आणि ती बाहेर गेली. टीव्ही चालूच होता.

"ऊठ," ती मावशीला म्हणाली. "घरी जा."

बाबांकडे तिने बघितलंही नाही.