आंघोळ होईपर्यंत कीमा

मी बीफ खात नाही. आमच्या कणकवलीकडच्या घरात ते कधी शिजलं नाही आणि या वयात मी ते सुरू करणारही नाही. तरी अख्तरुन्निसाचा कीमा कसा होतो हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. इथे आखातात, ईसा टाउनमधल्या आमच्या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर आणि दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडायच्या. त्या डक्टमधून तिच्या घरातलं सगळं माझ्याकडे यायचं. लसणाचा वास यायचा, सोया सॉसचा यायचा, आणि तिच्या पाठीत बसणाऱ्या बुक्क्यांचा आवाजही यायचा.

अख्तरुन्निसा दापोलीकडची. सनाबिसला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. स्वतःचा व्हिसा, स्वतःचा पगार, इंग्रजी फाडफाड. नवरा ताहिर एसीच्या कामावर सुपरवायझर. मुलगी निदा आठवीत. मी ज्या शाळेच्या बसवर आंटी म्हणून जाते, त्याच बसने ती जायची.

ताहिरचा नियम एकच होता. ड्युटीवरून आला की तो सरळ आंघोळीला शिरायचा, आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला की समोर ताट पाहिजे. गरम पाहिजे. कालचं चालणार नाही, बाहेरून मागवलेलं चालणार नाही. उशीर झाला की ताट भिंतीवर आणि ताटामागोमाग बायको. ती स्वतः त्याच्या जेमतेम आधी घरी पोहोचायची. बिर्याणी, खोबऱ्याचं वाटप लावलेलं कालवण, असले लाड शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीचे. रविवार ते गुरुवार तिच्या हातात वेळ होता तो फक्त एका माणसाच्या आंघोळीचा.

म्हणून कीमा. दवाखान्यातल्या फिलिपिनो नर्सनी तिला तो शिकवला. कढई धूर येईपर्यंत तापवायची, कीमा सगळा एकदम टाकायचा, उलथन्याने चपटा दाबायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. आपल्या बायकांना नेमकं तेच जमत नाही, आपला हात सारखा ढवळायला शिवशिवतो. ढवळलं की पाणी सुटतं आणि मांस नुसतं उकडतं. खालून करपायच्या बेताला आलं की उलटायचं, फोडायचं, आणि मग ठेचलेला लसूण, आलं, सोया सॉस, चिमूटभर साखर. वरून मीठ घालायचं नाही, सोयामध्ये असतं तेवढं पुरतं. भात सकाळीच विजेच्या कुकरला टायमर लावून ठेवलेला. एक दिवस त्यात फरसबी बारीक चिरून, एक दिवस बटाटा-टोमॅटो घालून फिलिपिनो तऱ्हेचा, एक दिवस कोरियन लाल मिरचीची पेस्ट आणि वर तीळ. एकदा ती थाई पद्धतीचा करत होती, लाल मिरच्या आणि कसलासा हिरवा पाला घालून. वास ओळखीचा वाटला म्हणून मी खिडकीतून ओरडले, "काय गो, तुळस घातलंस की काय त्यात?"

"तुमची नाय हो ताई, थायलंडवाल्यांची," ती हसून म्हणाली. मोकळी हसली की फार गोड दिसायची.

इमारतीतल्या बायका तिच्याकडून हे प्रकार लिहून घ्यायच्या. त्यांच्या गावच्या जमातीतली मुनीरा तर दर वेळी कौतुक करायची, "किती चपळ ग तू! आम्हाला भाजी चिरायला तेवढा वेळ लागतो." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं चपळ कसली, भ्यालेली आहे ती! बाथरूममधलं पाणी बंद झाल्याचा आवाज आला की तिची मान कशी वळते, ते कधी बघा.

एकदा वीज गेली आणि कुकर बंद पडला. भात कच्चा राहिला. त्या संध्याकाळी ताहिरने कढईतलं तापलेलं उलथनं तिच्या दंडावर टेकवलं. तिची किंकाळी ऐकून मी धावले आणि दार बडवलं. त्याने हसतमुखाने उघडलं. "या ना ताई. काय झालं? टीव्हीचा आवाज मोठा झाला काय?" केस ओले, अंगाला साबणाचा वास. माझ्या नवऱ्याने, गुंडूने, मला हाताला धरून मागे ओढलं. म्हणाला, लोकांच्या घरात नाक खुपसू नको. गुंडू मिनीबस चालवतो आणि आयुष्यभर रस्त्याच्या कडेकडेने चालत आला आहे. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

पोलिसांत जा म्हणून मी तिला किती वेळा सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं. "माझा मी बघीन, ताई. पण निदाचा व्हिसा त्यांच्या नावावर, पासपोर्ट त्यांच्या कपाटात. माझ्या एका बोलण्यावर पोलीस त्यांना किती दिवस ठेवतील? सुटून आले की पोरगी पहिल्या विमानाने गावाला." हे मला कळायचं, तरी राग यायचा. कधी त्याचा, कधी तिचा.

मग मे महिन्यात एका सकाळी निदा बसमध्ये चढली ती ओठ फाटलेला घेऊन. डोळ्याखाली सूज. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"कोणी मारलं गो?"

"आय फेल, आंटी. इट्स नथिंग," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

अख्तरुन्निसाकडून मग कळलं. आईला ताट वाढायला उशीर होत होता, म्हणून पोरगी मदतीला उठली होती. ताटातला रस्सा ताहिरच्या सदऱ्यावर सांडला. त्याने पोरीला आधी चपराक मारली, आणि ती इंग्रजीत उलट बोलली म्हणून मान धरून तोंड ओट्यावर आपटलं. आणि वर जाहीर केलं की सुट्टी लागली की निदा गावी, दादीकडे. तिथेच राहील, वळण लागेल, एखादं स्थळ बघून उजवून टाकू. आठवीतली पोर!

त्या दिवशी अख्तरुन्निसा रहिमतुल्ला चाचांकडे गेली. मी सोबत होते. त्यांच्या खाडीकाठच्या गावची इथे जमात आहे, आणि चाचा त्या जमातीचे मोठे. गावात कुणाचं लग्न, कुणाचं मय्यत, कुणाचं भांडण, सगळं चाचांच्या दिवाणखान्यात ठरतं. त्यांचा शब्द ताहिरला मोडता येणार नव्हता, कारण गावात त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना रोज त्याच माणसांत उठायबसायचं होतं. चाचा म्हणाले तर पासपोर्ट मिळेल, पोरगी आईजवळ राहील. नाही म्हणाले तर गेली. गोष्ट एवढीच होती.

तिने बाही वर करून दंडावरचा डाग दाखवला. चाचांनी नजर बाजूला वळवली. परक्या बाईचा उघडा दंड कसा बघायचा, म्हणून. मग म्हणाले, "बेटी, ताहिरला मी चड्डीत असल्यापासून बघतो. चारचौघांत त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाय. जमातीच्या कामाला पहिला उभा राहतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर आम्ही माणसाचं घर कसं मोडायचं?"

"मी ऐकलाय," मी म्हणाले. "रोज ऐकतंय. डक्टातून."

चाचा माझ्याकडे बघून सौम्य हसले. "तुम्ही शेजारी आहात, बाई. पण डोळ्यांनी बघितलंत?" डोळ्यांनी मी काय बघणार? मारणारा दार लावून मारत होता. जगातले सगळे शहाणे मारणारे दार लावूनच मारतात, आणि मग चार मोठी माणसं पुरावा विचारतात. उतरताना मी जिन्यात तोंडाला येईल ते बोलले. अख्तरुन्निसा बाही खाली ओढत माझ्यापुढे उतरत होती.

ताहिरच्या कानावर हे गेलंच. तो चिडला नाही. उलट त्यानेच जमातीला घरी बोलावलं, समेट करायला. त्यांच्या गावची रीत अशी की समेटाला आलेले लोक आधी त्या घरचं जेवतात, एका मोठ्या थाळ्यात सगळ्यांनी हात घालून, आणि जेवण झाल्यावरच बोलणी निघतात. उपाशीपोटी कोणी विषय काढत नाही. ज्याचं पोटभर खाल्लं त्याच्या विरुद्ध नंतर कोण बोलणार, हे ताहिरला पक्कं ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी दोघातिघांच्या ड्युट्या, म्हणून वार बुधवार ठरला. फोनवर सगळ्यांना हौसेने सांगत होता, मला डक्टातून ऐकू येत होतं. "यल्ला, चला, या ना! अख्तरचा कीमा तुमचे हात धुऊन होईपर्यंत तयार असतो."

बुधवारी संध्याकाळी अख्तरुन्निसाने निदाला माझ्याकडे आणून बसवलं. "काहीपण आवाज आला तरी हिला सोडू नका," एवढंच म्हणाली. मी निदाला आतल्या खोलीत गुंडूजवळ बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिले. समोरचं दार पाहुण्यांसाठी सताड उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग. आत जमिनीवर पांढरा दस्तरखान अंथरलेला, त्याच्याभोवती चाचा, त्यांचा पुतण्या नावेद आणि आणखी तिघे. मुनीरा आत बायकांच्या बाजूला. ताहिर आंघोळ करून, अत्तर लावून, सगळ्यांच्या हातावर तांब्याने पाणी घालत होता.

डक्टातून वास येत नव्हता. ना लसणाचा, ना सोयाचा.

ताहिर एकदा आत गेला. "अख्तर, हात धुऊन झाले सगळ्यांचे." आवाजात साखर. बाहेर येऊन थोडा वेळ हसत बसला. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. कोणी विषय काढीना, कारण जेवण आलं नव्हतं. नावेदने मोबाईल काढला आणि परत ठेवला. ताहिर पुन्हा आत गेला. या वेळी आवाज खाली होता, दातांतून येणारा. मला तो चांगला माहीत होता. त्याच्यामागोमाग अख्तरुन्निसा बाहेर आली आणि दस्तरखानाच्या कडेला उभी राहिली. हात रिकामे.

"चाचा, माफ करा. आज जेवण नाय. मी गॅस पेटवलाच नाय."

ताहिर हसला. सगळ्यांकडे बघत हसला. "मस्करी करते. जा, वाढ."

"जेवण नाय. आणि उद्यापण नाय."

पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, आणि लगेच पुन्हा. ती खाली बसली तशी त्याने कमरेत लाथ घातली. स्वयंपाकघरात धावला, लोखंडी कढई घेऊन आला आणि ती दोन्ही हातांनी उचलून मारली. तिने डोक्यावर हात आडवा धरला. हाडाचा आवाज माझ्या दारापर्यंत आला. दुसरा घाव कानावर बसला. तोंडाने तो शिव्या देत होता, तिच्या आईवरून, बापावरून, आणि मधेच म्हणत होता, "पाहुण्यांसमोर! माझ्या पाहुण्यांसमोर!" मी ओरडत आत घुसले. नावेदने त्याला मागून मिठी मारली, त्याचं कोपर नावेदच्या नाकावर बसलं, तरी पोराने सोडलं नाही. पांढऱ्या दस्तरखानावर रक्त पसरत गेलं. मुनीरा आतून दारात येऊन उभी होती.

ताहिर धापा टाकत चाचांकडे वळला. "बघितलंत ना, चाचा? कशी उलट बोलते ती?" त्याला खरंच वाटत होतं की चाचांनी तेवढंच बघितलं.

चाचा शेजारच्याचा खांदा धरून उठले. "कपाटाची चावी," ते म्हणाले.

"चाचा, ऐका तरी..."

"खलास, ताहिर. चावी दे."

निदाचा पासपोर्ट चाचांनी स्वतःच्या हाताने काढून माझ्याकडे दिला. अँब्युलन्स नावेदने बोलावली, पोलिसही त्यानेच. पाचही पुरुषांनी जबाब दिले, मुनीराने दिला, मीही दिला. ताहिर तुरुंगात गेला आणि तिथून परस्पर त्याला देशात पाठवून दिलं. गावातही जमातीने कळवलं की पोरगी आईकडेच राहणार. निदाचा व्हिसा आता आईच्या नावावर आहे, दोघी सनाबिसला एका खोलीत राहतात. अख्तरुन्निसाचा डावा कान गेला. हात जोडला, पण मूठ पूर्ण मिटत नाही, चिरायचं काम निदा करते.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेले होते. चहा पिताना मी तिच्यावर चिडलेच, इतके दिवस दाबून ठेवलं होतं. म्हटलं, मेली असतीस म्हणजे? मुद्दाम गेलीस ना त्याच्या पुढ्यात? एवढी हिंमत कुठून आणलीस, भीती नाही वाटली?

तिने चांगला कान माझ्याकडे केला आणि प्रश्न परत विचारायला लावला. मग म्हणाली, "वाटली ना, ताई. आत बसले होते तेव्हा सारखी दुवा मागत होते." कप खाली ठेवला. "एकच भीती होती, आज पाहुण्यांसमोर ते हात आवरतील, याची."