बोलीला शेपूट नसतं

जुहूच्या एका हॉटेलात नाण्यांचा लिलाव होता. नाणेकाकांची बोली शेवटची ठरली. जिंकलेला रुपया ते तिथेच टेबलावर ठेवून घरी आले. त्यानंतर त्यांनी एकही नाणं विकत घेतलं नाही.

पार्ल्यात आमच्या शेजारी काका आणि त्यांची आई राहत; आईंना आम्ही आजी म्हणत असू. काका विम्याच्या कचेरीत कारकून होते, अविवाहित. घासाघीस त्यांना जमत नसे. भाजीवालीला म्हणत, "मावशी, एकदाच सांग. मी एकदाच हो नाहीतर नाही म्हणेन." ती आधी हसायची, पुढे मुकाट्याने खरा भाव सांगू लागली. "बोलीला शेपूट नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिलेला शब्द आणि लावलेली बोली त्यांच्या लेखी एकच. आजी त्यांना चिडवत, "म्हणून तर लग्न राहिलं! मुलीकडच्यांना एकदाच विचारलंन. ते म्हणाले, विचार करून सांगतो. झालं!"

आजींना त्यांच्या भावाने भाऊबीजेला अलिबागच्या टांकसाळीतला जुना रुपया ओवाळणीत घातला होता. काकांच्या मॅट्रिकच्या फीसाठी त्यांनी तो विकला. काका नाणी जमवू लागले ते त्याच्या शोधात. इतर कितीतरी नाणी मिळाली, अलिबागी रुपया मिळाला नाही. पुढे आजींची दृष्टी गेली. लक्ष्मीपूजनाला त्या काकांची नाणी एकेक करून बोटांनी चाचपत आणि म्हणत, "हा नव्हे रे."

म्हणूनच लिलावात अलिबागी रुपया येणार असं कळलं तेव्हा काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. मी तेव्हा शाळेत शिकवत असे. "मास्तरीणबाई, चला सोबतीला," म्हणाले. हॉलमध्ये त्यांनी एकदाच हात वर केला आणि थेट सहाशे म्हणाले. हातोडी पडली. काकांनी रुपया हातात घेतला, अंगठ्याने कड चाचपली. आजींसारखीच.

टेबलामागचा मुलगा म्हणाला, "काका, सहाशे साठ."

"सहाशे. मी सहाशे बोललो."

"बरोबर, पण वर दहा टक्के कमिशन. घेणाऱ्याचं."

"कमिशन विकणाऱ्याकडून घेता ना?"

"त्यांच्याकडूनही घेतो. कॅटलॉगच्या मागे छापलंय ना!"

काकांनी कॅटलॉगमध्ये फक्त त्या रुपयाचं पान वाचलं होतं. मी पर्स उघडली.

"राहू द्या. पैसे माझ्याकडेही आहेत," काका म्हणाले.

"अहो, साठ रुपयांसाठी काय काका!"

"साठ मी बोललोच नाही रे." त्यांनी रुपया टेबलावर ठेवला.

रिक्षात मी विचारलं, आजींना काय सांगणार? ते समुद्राच्या बाजूला बघत राहिले. घरी आजी दारातच बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. काका म्हणाले, "दुसऱ्याने जास्त बोली लावली, आई."

"असू दे रे. तू तरी किती देशील," म्हणत आजींनी हात मागे घेतला.

दिवाळीच्या आधी आजी अंथरुणाला खिळल्या. तेव्हा काका कमिशनसकट पैसे घेऊन लिलाववाल्यांकडे गेले. रुपया केव्हाच दुसऱ्याला दिला होता. तो कोण, हे ते सांगेनात. लक्ष्मीपूजनाला आजींनी नाणी मागितली नाहीत. थंडीत त्या गेल्या.

तेराव्यानंतर काका मला म्हणाले, "त्या पोराशी खरा वागलो आणि आईशी खोटं बोललो. उलट करायला हवं होतं हो." पुढे भाजीवाली सांगेल तो भाव ते देत, हो-नाही काहीच न म्हणता. ते मला पाहवत नसे.

काकाही गेले. नाणी पुतण्याने विकली. त्यांच्या घरात आता दुसरे लोक राहतात. मी कुठेही भाव विचारते तेव्हा आधी म्हणते, "वरचं धरून सांगा." काकांचं माझ्याकडे एवढंच राहिलं आहे.