वयनीचे सहा महिने

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आणि दर वेळी खोटी सांगितली. खरी सांगायची म्हटलं की काहीतरी आडवं यायचं. आधी भाऊ हयात होता. मग वयनी होती. मग तिच्या मुलीला काय वाटेल, असं मी मनाला सांगत राहिलो. आता माझी ऐंशी उलटून गेली आहे आणि आडवं यायला कुणी उरलेलं नाही.

खोटी गोष्ट अशी होती. माझ्या वयनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, सरकारी दवाखान्यात दाईचं शिक्षण घ्यायला बोलावलं होतं. पुढे पगाराची नोकरी होती. पण दीक्षा घेतल्यावर जे काम आपण सोडलं, ते मी सरकारसाठीही करणार नाही, असं सांगून तिनं नर्सबाईला परत पाठवलं. वस्तीवरच्या कार्यक्रमांत, आजूबाजूच्या गावांच्या सभांत मी हे सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. पुष्कळदा वयनी समोर बायकांमध्ये बसलेली असायची.

आमचं गाव कळंबहून राळेगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. मी चार-पाच वर्षांचा असताना वयनी लग्न होऊन घरात आली, तेव्हा ती स्वतःच पोर होती. दोनच वर्षांत आई गेली आणि मला वाढवायचं काम तिच्या अंगावर पडलं. भाऊ हंगामात कापसाच्या जिनात कामाला जाई, एरवी दुसऱ्यांच्या शेतात. मी शिकावं हा हट्ट वयनीचा. मी मॅट्रिक झालो, गावातच मास्तर झालो, तेव्हा भावापेक्षा तीच जास्त मिरवली.

तिची आई सुईण होती आणि आईच्या हाताखाली वयनीही तयार झाली होती. गावात कुणाच्याही घरी बाई अडली की आमच्या वस्तीवर हाक यायची. हाक म्हणजे कुंपणाबाहेरून, नावही न घेता, "चाल वं, लवकर." ती मागच्या दारानं जायची. पाच दिवस बाळंतिणीजवळ तीच. नाळ कापणं, अंग चोळणं, घाण काढणं, सगळं तिच्या हातचं. पाचव्या दिवशी पायलीभर ज्वारी आणि जुनं लुगडं सुपात ठेवून सूप तिच्याकडे पायानं सरकवायचे. ती बाहेर पडली की खोलीत गोमूत्र शिंपडलं जाई. ज्या पोराला तिनं पहिल्यांदा हातात घेतलं, ते पोर मोठं झाल्यावर तिला पाहून बाजूला होई.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. परत आल्यावर वस्तीची बैठक बसली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावाचे सांगावे न्यायचे नाहीत, आणि बायकांनी गावात बाळंतपणं करायला जायचं नाही, असं ठरलं. शेवटचं कलम मी मांडलं होतं. मांडताना माझ्या डोळ्यांसमोर ते पायानं सरकवलेलं सूप होतं.  वयनीनं जाणं बंद केलं. गावातून माणसं हाका मारून थकली, शिव्या देऊन गेली, तरी ती गेली नाही. आमच्या वस्तीवरच्या बायकांचं मात्र ती करत राहिली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वयनीनं मला अक्षरं शिकवायला सांगितलं. तिची पस्तिशी उलटली होती. मुलीची पाटी घेऊन ती दुपारी बसायची. मला एवढा आनंद झाला की मी शाळेतल्या पोरांना तिचं उदाहरण द्यायला लागलो. वर्षभरात ती जोडाक्षरं अडखळत का होईना वाचायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "भाऊजी, तुमची घडी द्या बरं जराशी."

"कायले?"

"टाइम पाहाले शिकाचं हाय. तो बारीक काटा कसा मोजत असतेत?"

मी तिला सेकंदाचा काटा समजावून सांगितला. ती मुलीचं मनगट धरून काट्याकडे बघत पुटपुटत बसायची. मला वाटलं, हौस आहे.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते नर्सबाई घरी आल्यावर कळलं. ही बाई राळेगावच्या दवाखान्यात नव्यानं आली होती, ख्रिस्ती होती, बोलताना निम्मं हिंदी बोलायची. आमच्या अंगणात खाटेवर बसून तिनं चहा घेतला, हीच तेव्हा बातमी होती. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात सहा महिने शिकायचं, राहणं-जेवण सरकारचं, थोडं लिहिता-वाचता यायला हवं, नाडी मोजता यायला हवी. पास झालं की जवळच्याच केंद्रावर नेमणूक. वयनीशी तिचं आधीच बोलणं झालं होतं, वस्तीवरच्या एका बाळंतपणात.

ती गेल्यावर मी वयनीला विचारलं, "सहा महिने काय शिकणार तू?"

"बाळंतपन."

"बाळंतपण? तूच शिकवशील त्या बाईले."

"शिकवीन न. पन पास तं ते करनार हाय," ती हसून म्हणाली. मग हात पुसत समोर बसली. "भाऊजी, मी पोरगी होती तवा माय लय बिमार पडली होती. तिले यवतमाळले नेलं होतं. तिथं एक नर्सबाई होती. तिनं डोळे वटारले का डाक्टर बी चूप. सारे तिले बाई म्हनत. मायचं अन् तिचं काम एकच, पन मायले कोनी बाई म्हनलं नाई. तवापासून माह्या मनात हाय. कोनाले सांगतलं नाई, हासले असते."

मी हसलो नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं. मी भाषण दिलं. जे आपण टाकलं ते तू पुन्हा घरात आणणार का? गावातले लोक काय म्हणतील? दीक्षा घेतली, बैठका घेतल्या, आणि शेवटी आल्याच आमची घाण काढायला.

"म्हनू द्या," ती म्हणाली. "ते काम वाईट नोतं, भाऊजी. बोलवाची रीत वाईट होती. आता बोलावतीन तं बाई म्हनूनच बोलावा लागन. समोरच्या दारातून जाईन मी."

  मी भावाकडे वळलो. भाऊ बिडी ओढत बसला होता. "तू शिकेला हायेस. तूच पाह्य," एवढंच तो म्हणाला. वयनीनं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि तयारीला लागली.

मला का नको होतं, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. ते कलम माझं होतं. शेजारच्या गावातली आमची माणसं मला बोलवत, विचारत, माझं ऐकत. माझ्याच घरातून ते मोडलं तर माझं काय राहणार होतं? आणि दुसरं कारण त्याहून हलकं आहे. माझं लग्न झालं नव्हतं. वयनी सहा महिने गेली तर सकाळी शाळेत जायच्या आधी गरम भाकर कोण देणार, हेही माझ्या मनात येऊन गेलं होतं.

ठरलं असं की सोमवारी सकाळी नर्सबाई राळेगावहून एसटीत बसेल, आमच्या फाट्यावर गाडी थांबली की वयनीला हाक मारेल आणि दोघी यवतमाळला जातील. दवाखान्यात वयनीचं नाव तीच घालणार होती. आदल्या आठवड्यात मी कामानं राळेगावला गेलो होतो. दवाखान्यात जाऊन मी नर्सबाईला सांगितलं, "वयनी येत नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलं आहे, हे काम पुन्हा करायचं नाही."

तिला खरं वाटेना. "परसों तो हाँ बोली थी."

"आमच्या लोकांचा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, बाई," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी वयनी ठेवणीतलं लुगडं नेसून, बोचकं घेऊन फाट्यावर गेली. शेजारणी तिला पोचवायला गेल्या होत्या. एक म्हणे, "आता परत आली का आमाले वळखशीन का नाई वं?" वयनी म्हणाली, "आधी नाडी पाहीन, मंग वळखीन." हे मी ऐकलं, कारण शाळेकडे जायची वाट तीच होती.

गाडी आली, थांबली, गेली. खिडकीतून हाक आली नाही. वयनी दुपारच्या गाडीपर्यंत तिथेच बसून राहिली. त्या गाडीतही बाई नव्हती. मी शाळेतून आलो तेव्हा ती तेच लुगडं नेसून चुलीपुढे भाकरी थापत होती. "बाई भुलली वाट्टे," ती म्हणाली. मी म्हणालो, "सरकारी माणसं. त्यांचा काय भरवसा." आणि जेवायला बसलो. भाकर गरम होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर नर्सबाई शाळेत पोरांना देवीची लस टोचायला आली. वयनी मुलीला घेऊन आली आणि सरळ तिच्यापुढे उभी राहिली. "बाई, तुमी आल्या नाई. मी दोन गाड्या पाह्यल्या."

नर्सबाईचा हात थांबला. "तुमने ही तो ना बोला था. मास्टरजी बताने आए थे."

वयनीनं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याजवळ उभा होतो. "अस्सं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, आता काही होईल का? बाई म्हणाली, जागा भरली. पुढच्या वर्षी वय निघून जाईल, आणि तिची स्वतःची बदलीही झाली होती. वयनीनं मुलीची बाही वर केली, लस टोचून घेतली आणि ती निघून गेली.

घरी भांडण झालं नाही. भावाला तिनं सांगितलंही नसावं. संध्याकाळी ताट वाढून ती म्हणाली, "मास्तर, जेवाले बसा." त्या दिवसापासून मी तिचा भाऊजी राहिलो नाही. सारं गाव म्हणायचं तसं तीही मला मास्तर म्हणायला लागली. घड्याळ तिनं पुन्हा कधी मागितलं नाही. वाचणं मात्र सोडलं नाही.

खोटी गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती एका सभेत, कुणीतरी विचारलं म्हणून. ती इतकी चांगली जमली की मग थांबता आलं नाही. एकदा तर मीच पुढाकार घेऊन वयनीचा सत्कार करवला. हार घालून घेताना तिनं मान खाली ठेवली होती, त्याला लोक नम्रता म्हणाले. पुढे एका कार्यक्रमानंतर कॉलेजातल्या एका मुलीनं तिला विचारलं, "आजी, खरंच तुम्ही नोकरी नाकारली होती?"

"मास्तरले इचार," वयनी म्हणाली. "त्याईले पाठ हाय."

तिच्या मुलीनं नर्स व्हावं असं मला वाटत होतं. कदाचित त्यानं माझं ओझं उतरलं असतं. पण मुलीला रक्त बघवत नसे. ती बँकेत लागली. यावर वयनी मनापासून हसायची.

वयनी शेवटचं दुखणं मुलीकडे यवतमाळला काढत होती. मी भेटायला गेलो. वाटेत एसटीत मी वाक्यं जुळवत होतो, एवढी भाषणं केलेला माणूस. ती खाटेवर पडून होती, जागी होती. मुलगी चहा करायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं विचारलं, "मास्तर, जेऊन आले का?" मी हो म्हणालो. मग मी तिला विचारलं, औषधं वेळेवर घेते का, झोप लागते का. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटतं, ती वाट बघत होती. मुलगी चहा घेऊन आली. मी चहा प्यायलो आणि गाडी चुकेल म्हणून उठलो. पंधरवड्यातच ती गेली.

जे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, ते फार मोठं नव्हतं. वयनी, त्या बाईले तू नाई म्हनली नोती. मीच म्हनलो. मले माफ कर.