गिरजाच्या प्रसादातली पावडर

गिरजा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण आमच्या टोकावड्याच्या भजनी मंडळाची पुढारीण तीच. कोणाचं माणूस गेलं की दहा दिवस रोज जाऊन भजन म्हणायची, चहाही घ्यायची नाय. माझी धाकटी जाऊ रंगू विधवा झाली तेव्हाही आली. ते मी विसरले नाय, म्हणून राग जास्त येतो.

दिवाळीनंतर कल्याणहून एक टायवाला बाप्या आला. आल्या आल्या सगळ्या बायांच्या पाया पडला. तिथंच आमी बुडालो. गिरजाला म्हणाला, "ही पावडर बारा रोगांवर चालते. तुमच्याखाली दहा बाया जोडा, त्या आणखी दहा जोडतील." बाया शोधायला तिला जायचं होतं कुठं? दर मंगळवारी टाळ घेऊन समोरच बसलेल्या.

आरती झाली की खोबऱ्या-साखरेसोबत ती पावडरीची पुडीही हातावर ठेवायची. उजव्या हातावर पडलेला प्रसाद परत कोण करतं? कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा. पुढच्या मंगळवारी पावडरीचा डबा विकत घ्यायचा. आमी अडाणी म्हणून फसलो असं कोणी म्हणू नये, दोन मास्तरणीही रांगेत होत्या.

रंगूनं तर शुगरच्या गोळ्याच सोडल्या. पायाचा अंगठा काळा पडत चालला. मी म्हटलं, "डागदराकडं चल गो."

"कशी येऊ बाय? गिरजाला काय वाटेल? दहा दिवस बसली ती माझ्या दारात."

पुढच्या मंगळवारी गिरजा ताट घेऊन रंगूपुढं आली. मी रंगूचा हात खाली दाबला.

"काकू, प्रसादाला नाय म्हणता?"

"खोबरं दे. पावडर तुझ्या त्या टायवाल्या सायबाला चाटव."

"देवापुढं असं बोलू नये."

"देवापुढं दुकान कोणी मांडलंय? हिचा अंगठा बघ."

रंगूनं लुगडं सारून पाय पुढं केला. गिरजानं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं होताना आधी काळंच पडतं. सायेब म्हणालेत."

रंगूनं लुगडं परत पायावर ओढलं. मग मला म्हणाली, "बाय, मुरबाडची पहिली एस्टी किती वाजता?"

अंगठा कापावा लागला, पाय वाचला. गिरजा दवाखान्यात भेटायला आली, मोसंबी घेऊन, खांद्याला पावडरीच्या डब्यांची पिशवी. मी म्हटलं, "मोसंबी दे. पिशवी तेवढी बाहेर ठेव."