चौदा टोप्यांचा पुरावा

साहेबांनी पेनच्या टोकाने टोपी उचलली आणि शेजारच्या कारकुनाला दाखवली.

"हे बघा. उत्पन्नाचा दाखला."

कारकून हसला. रांगेतले दोघे हसले. माझा नवरा टेबलासमोर उभा होता. खुर्ची एकच होती. ती मला मिळाली, कारण मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, पगारपत्रकवाली. त्याला साहेब म्हणाले होते, उभेच राहा, खुर्चीला सिमेंट लागेल. त्या दिवशी तो दोनदा आंघोळ करून, लग्नातला सफारी घालून आला होता. सिमेंट उरलं होतं ते नखांच्या भेगांत. ते कोणत्याच साबणाने निघत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. बदनापुरात भाड्याच्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. मालकाने दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली होती. स्टेशनच्या अलीकडे छोटा प्लॉट होता. त्यावर दोन खोल्या बांधायला कर्ज हवं होतं. माझ्या एकटीच्या पगारावर ते बसत नव्हतं. नवरा सेंट्रिंगचा ठेकेदार. स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्या त्याच्या, हाताखाली सहा माणसं, कमाई माझ्याहून जास्त. कागदावर मात्र शून्य.

जालन्याच्या बँकेतल्या या साहेबांनी पहिल्या खेपेला सांगितलं होतं, केलेल्या कामांचा पुरावा आणा. आमच्याकडे ठेका तोंडी ठरतो. स्लॅब पडला की घरमालक नारळ फोडतो आणि ठेकेदाराला टोपी-टॉवेल करतो. झाला करार, झाली पावती. नवऱ्याने पेटी उघडून चौदा टोप्या पिशवीत भरल्या. एकही कधी वापरली नव्हती. म्हणाला, "एक टोपी म्हंजी एक घर. आजून काय पुरावा पाह्यजे?" मी शिकलेली. अडवू शकले असते. पण मलाही ते बराबर वाटलं.

साहेबांनी आडनाव विचारलं. ऐकून म्हणाले, तुमच्या लोकांसाठी सरकारी योजना असतात की, इकडे कशाला येता? मग मेहेरबानी म्हणून सल्ला दिला: फॉर्मात नवऱ्याच्या व्यवसायापुढे 'काही नाही' लिहा, तुमच्या पगारावर बसेल तेवढं देतो.

मी लिहिलं. माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक आहे. फळ्यावरचे सुविचार मीच लिहिते. त्याच वळणदार अक्षरात, 'काही नाही'. नवरा उभ्यानेच वाचत होता. सातवी पास आहे तो.

त्याने पिशवीच्या तळातून गुलाबी टॉवेलात गुंडाळलेली टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तुमची हाय, साहेब. तुमच्या बंगल्याचा स्लॅब पडला तव्हा तुम्हीच घातल्ती."

कारकुनाचं हसू बंद झालं. मलाही हे माहीत नव्हतं. तीन खेपा झाल्या, त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. साहेब आपणहून ओळखतील म्हणून वाट बघत होता.

साहेब म्हणाले, कामाला पुष्कळ लोक येतात, चेहरे कुठे लक्षात राहतात. मी म्हणाले, मग तेवढं एका ओळीत लिहून द्या, याने माझं घर बांधलं म्हणून.

"असं लिहून देता येत नाही, बाई."

ज्याच्याकडे पुरावा होता, तोच पुरावा मागत होता.

मी फॉर्म ओढला. 'काही नाही' खोडलं. वर लिहिलं, 'घरं बांधतो'. साहेब म्हणाले, खाडाखोड चालत नाही.

"मंग राहू द्या," मी म्हणाले.

तेरा टोप्या परत भरल्या. चौदावी टेबलावर राहू दिली.

कर्ज मिळालं नाही. प्लॉटवर एकच खोली उठली, पत्र्याची. चौदा स्लॅब टाकणारा माणूस पत्र्याखाली झोपतो.

तेव्हापासून तो टोपी घेत नाही. पहिली फळी लावायच्या आधी मी लिहिलेला कागद पुढे करतो: काम काय, कुठे, कोणाचं, आणि खाली मालकाची सही. बरीच कामं हातची गेली. लोक म्हणतात, मास्तरणीने नवरा बिघडवला. बिघडवला.

दोन वर्षांनी साहेबांचा निरोप आला, वरचा मजला काढायचाय, फळ्या घेऊन या. आम्ही कागद पाठवला. तो सहीविनाच परत आला. सोबत निरोप होता, टोपी-टॉवेल भारीतला करू.

मी तोच कागद पुन्हा पाठवला. त्यांच्या गच्चीवर आमची फळी चढेल ती सहीनंतरच. आणि माझा नवरा काय करतो, ते साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहायचं.